मोठ्या मशीनचा पूर्वपक्ष

जुनी फ्रीझर रूम उणे १८ अंशांवर टिकेनाशी झाली की आपल्याकडे निदान ठरलेले असते : मशीन कमी पडते. हातकणंगले घ्या, पेठ वडगाव घ्या, हुपरी घ्या, इचलकरंजी घ्या. आइस्क्रीमवाला असो, पनीर-लोण्याचा व्यापारी असो की मटार-मक्याचा साठा करणारा, सगळ्यांना सल्ला एकच. तीन एचपी काढा, पाच एचपी बसवा. थोडा अधिक विचार करणारा सल्लागार भेटला तर तो जोडीला सांगतो, आतून दोन इंची थर्माकोल मारून घ्या. या खोल्यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या आधारावर मी म्हणतो की बहुतेक जुन्या खोल्यांच्या बाबतीत हा सल्ला अपुरा आहेच, शिवाय तो रोग वाढवणारा आहे.

मात्र पूर्वपक्ष मांडायचा तर पुऱ्या ताकदीने मांडला पाहिजे. तो मांडणारी माणसे अडाणी नाहीत. त्यांतले कित्येक उत्तम मेकॅनिक आहेत. ते म्हणतात, खोलीत झिजणारी वस्तू एकच, ती म्हणजे मशीन. पंधरा वर्षे रात्रंदिवस चाललेल्या कॉम्प्रेसरच्या झडपा गळणार, गॅस ओढण्याची ताकद घटणार. भिंत जागची हलत नाही. तिला काय व्हायचे आहे? दुसरा आधार अनुभवाचा. मोठे मशीन बसवले आणि दुसऱ्या दिवशी काटा खाली गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तिसरा मुद्दा व्यवहाराचा. मार्च ते मे हे धंद्याचे दिवस. मशीन एका दिवसात बदलते. भिंत उकलायची तर लाखांचा माल हलवायचा कुठे? चौथा मुद्दा गॅसचा. मॉन्ट्रियल करारानुसार आर-२२ हा जुना गॅस २०३० पर्यंत भारतातून जायचा आहे. मग जुने मशीन कुरवाळत बसण्यात काय हशील?

चारही मुद्दे वजनदार आहेत. आता ते तपासू. निवाडा वाचकाने करावा.

भिंत झिजत नाही, या समजुतीवर बाकीचे सगळे उभे आहे, म्हणून आधी तीच घेतो. पफचे, म्हणजे पॉलियुरेथेन फेसाचे, पॅनेल उष्णता अडवते ते वरच्या पत्र्याच्या जोरावर नव्हे. आतल्या फेसात लक्षावधी बंद बुडबुडे असतात आणि त्यांत अडकलेला वायू हे काम करतो. उष्णता किती सहज वाहून नेतो हे मोजणारा एक आकडा प्रत्येक पदार्थाला असतो. ताज्या पफचा तो सुमारे ०.०२३, थर्माकोलचा ०.०३६ च्या आसपास, पाण्याचा ०.६ आणि बर्फाचा २.२. हिशेब सरळ आहे. पाणी पफच्या पंचवीसपट उष्णता पुढे सोडते. बर्फ जवळजवळ शंभरपट. फेसाच्या जागी बर्फ भरत गेला की शंभर मिलिमीटर जाडीचे पॅनेल कागदावर शंभर मिलिमीटरचेच राहते, काम मात्र वीस-तीस मिलिमीटरचे करते.

हा बर्फ येतो कुठून? त्याला पाऊस लागत नाही, फुटका नळ लागत नाही. हवेतली वाफ पुरते. आपल्याकडच्या जुलैत बाहेरच्या हवेतल्या वाफेचा दाब उणे १८ अंशांच्या खोलीतल्या दाबाच्या वीसपटीहून जास्त असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाफ जातच राहते. तिला सुट्टी नाही, शिफ्ट नाही. पॅनेलच्या सांध्यातून, पाइपाच्या भोकातून, खिळ्याच्या जागेतून ती फेसात शिरते, वाटेत गारठते आणि तिथेच गोठून बसते.

एका जुन्या खोलीचा खालचा कोपरा कायम पांढरा पडत होता. तिथला पत्रा उचलून मी दहा सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा फेसाचा ठोकळा कापला. कोरड्या पफचा एवढा ठोकळा जेमतेम ४० ग्रॅम भरतो. तळहातावर ठेवला तर ओझे जाणवत नाही. हा हाताला दगडासारखा लागला. मालकांसमोर तो स्टीलच्या वाटीत ठेवला आणि आम्ही चहा घेतला. तासाभराने वाटी काठोकाठ भरून पाणी टेबलावर ओघळले होते. मालक एवढेच म्हणाले, “आणि मी कॉम्प्रेसरवाल्याला शिव्या देत होतो.” भिंत झिजत नाही, असे आता कोणी म्हणेल का?

या चुकीच्या निदानामागे आपली बोलण्याची एक सवय आहे. आपण म्हणतो, थंडी निसटते, थंडी बाहेर जाते. थंडी ही वस्तूच नाही. जे काही जाते-येते ते उष्णता आणि वाफ, आणि दोन्ही बाहेरून आत येतात. शब्दांचा हा बारकावा वाटेल, पण त्यामुळे हजारो खोल्यांत सिलिकॉन चुकीच्या बाजूला लागले आहे. बर्फ आत दिसतो, म्हणून माणूस आतून सांधे बुजवतो. वाफेची वाट बाहेरच्या अंगाला उघडीच राहते. आधी ती वाफ निदान आरपार जाऊन खोलीतल्या गार कॉइलवर जमत होती आणि डीफ्रॉस्टमध्ये वाहून तरी जात होती. आता आतले दार बंद, बाहेरचे उघडे. वाफ फेसात येते आणि तिथून तिला बाहेर पडता येत नाही. सील करावे ते उबदार बाजूने, म्हणजे बाहेरून. फ्रीझर रूमच्या कामात याहून महत्त्वाचा नियम मला माहीत नाही.

आतून थर्माकोल मारण्याच्या सल्ल्याचाही निकाल इथेच लागतो. जुना ओला फेस तसाच ठेवून त्याच्यावर नवा थर चढवला की जुना फेस पूर्वीइतका गार राहत नाही. त्यातला काही बर्फ वितळतो, पाणी खाली उतरते, पॅनेलचा तळ आणि जमीन कुजवते. ओल झाकली जाते, जात नाही. बाहेरचे सांधे पक्के आणि फेस कोरडा असेल तर आतला थर जरूर लावा. तरीही मिळकत आधी मोजा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच अशी खोली धरू. भिंती, छत आणि जमीन मिळून ५९ चौरस मीटर. बाहेर ३८ अंश, आत उणे १८. कोरड्या शंभर मिलिमीटर पफमधून सुमारे ७६० वॅट उष्णता आत येते. पफचीच जाडी दीडशे केली तर ५०० च्या थोडी वर. म्हणजे अडीचशे वॅट वाचले. हे कमी नाही, पण हाच फेस भिजून दुप्पट उष्णता सोडू लागला तर तोटा ७६० वॅटचा होतो. आधी कोणते भोक बुजवायचे?

आता दाराकडे येतो. वादाचा खरा निकाल दारात लागतो असे मला वाटते, म्हणून इथे थोडा रेंगाळणार आहे.

या खोलीत सुमारे ४० किलो हवा मावते. दार सताड उघडे राहिले की थंड, जड हवा खालून नदीसारखी बाहेर वाहते आणि वरून गरम हवा आत येते. मिनिट-दीड मिनिटात बहुतेक हवा बदलून जाते. अशा एका पूर्ण बदलाबरोबर सुमारे एक युनिट उष्णता आत येते. कोरड्या, धडधाकट भिंतींतून एवढीच उष्णता यायला तासाहून अधिक वेळ लागतो. दिवसातून वीसदा हवा बदलली तर वीस युनिट उष्णता. सगळ्या भिंती मिळून दिवसात १८. म्हणजे एकटे दार चार भिंती, छत आणि जमीन यांच्या बेरजेला भारी पडते. ही उष्णता उपसायला जुन्या मशीनला दर दीड युनिटामागे साधारण एक युनिट वीज लागते.

इथे पूर्वपक्षाला एक प्रश्न विचारतो. तुमचा सारा युक्तिवाद उन्हाळ्यावर उभा आहे ना? मग हे पाहा. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असताना एक किलो हवेत सुमारे १३ ग्रॅम वाफ असते. जुलैच्या संध्याकाळी २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला सुमारे २०. शून्य अंशापासून मोजली तर एप्रिलच्या त्या हवेत किलोमागे ७२ किलोज्यूल उष्णता भरते, जुलैच्या हवेत ७८. पारा बारा अंशांनी उतरला तरी दारातून येणारे ओझे वाढलेच. वाफ गोठताना आपली सगळी उष्णता खोलीत टाकते, त्याचा हा परिणाम. थर्मामीटरला ही उष्णता दिसत नाही. कॉइलला दिसते.

आणि पाणी? जुलैत हवेच्या प्रत्येक पूर्ण बदलामागे जवळपास पाऊण लिटर. वीस बदलांचे पंधरा लिटर. एक घागर पाणी रोज तुमच्या खोलीत येऊन कॉइलवर बर्फ होऊन बसते, मग हीटर लावून तुम्ही ते वितळवता, आणि त्या हीटरची उष्णता पुन्हा मशीनने उपसायची. दाराला प्लॅस्टिक पट्ट्यांचा पडदा लावा म्हटले की कामगार तक्रार करतात, आठ दिवसांत तो गुंडाळून वर बांधलेला दिसतो. मोठ्या मशीनने ही घागर थांबते का?

बंद दारही नेहमी बंद नसते. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली दोन मिलिमीटरची फट म्हणजे १८ चौरस सेंटिमीटर. काडेपेटीएवढे भोक दिवसरात्र उघडे. ते शोधायला कुठलेही उपकरण लागत नाही. दहा रुपयांची नोट रबरात धरून दार लावा आणि ओढा. विनासायास निघाली तर तिथे रबर मेले आहे. उदबत्ती पेटवून चौकटीभोवती बाहेरून फिरवा. गळके दार वरच्या बाजूला धूर आत ओढते, खालच्या बाजूला बाहेर ढकलते. इतका बोलका साक्षीदार मी दुसरा पाहिलेला नाही.

दाराच्या बाबतीत दोन घातक काटकसरी मला जागोजाग दिसतात. चौकटीत एक तापणारी तार असते; वीज तशी थोडीच खाते. ‘फ्रीझरला हीटर कशाला’ म्हणून तिची वायर काढून टाकलेली असते. मग चौकटीवर बर्फ धरतो, रबर त्याला चिकटते, दार ओढताना फाटते. दुसरी काटकसर दाबझडपेची. दार लावल्यावर आत आलेली गरम हवा गार होऊन आकसते, खोलीत किंचित पोकळी तयार होते, तेव्हा या झडपेतून थोडी हवा आत यायची असते. कोणीतरी तिला ‘भोक’ समजून चिकटपट्टी मारतो. खोली श्वास तर घेणारच. आता ती पॅनेलच्या सांध्यांतून घेते आणि प्रत्येक श्वासाबरोबर वाफ फेसात ओढते. डीफ्रॉस्टचे पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला बाहेरच्या बाजूला यूच्या आकाराचा बाक नसेल तर तिच्यातूनही हेच घडते.

जमिनीची गोष्ट आपल्या भागात वेगळी सांगावी लागते. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांच्या लक्षात आहेत. ज्या खोलीच्या जमिनीत पाणी एकदा मुरले, तिची वरची फरशी आठवड्यात वाळते. खालचा थर्माकोल वर्षानुवर्षे वाळत नाही. मग खालच्या मातीतली उष्णता वर खोलीत निघून जाते, माती गोठते, फुगते आणि जमीन वर उचलते. चौकट तिरकी होते. आता नवे रबर लावले तरी दार नीट बसणार नाही. दाराचा रोग जमिनीत असतो तो असा.

हळद साठवणाऱ्या हरिपूरकरांना हे मशीनविना ठाऊक होते. सांगलीजवळची ती पेवे, जमिनीत खोदलेली, तोंड बंद केलेली. त्यांत हळद वर्षे-वर्षे टिकत असे, कारण ओल आणि हवा आत येत नव्हती. २००५ च्या पुराचे पाणी शिरले आणि कित्येक पेवे निकामी झाली. लांबचा दाखला हवा असेल तर १८३३ चा घ्या. बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडरचे ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ भरून मे महिन्यात निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिने, एकही कॉम्प्रेसर नसताना. भरवसा होता तो भोवतीचे जाड आवरण, कोरडेपणा आणि बंद झाकण यांवर. आजही आपण मशीनची ताकद टनांत मोजतो ती चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला लागणाऱ्या उष्णतेवरून. म्हणजे मोजमाप बर्फाचे घेतले. बर्फ टिकवणाऱ्यांची अक्कल मात्र मागे ठेवली.

राहिला अनुभवाचा मुद्दा. मोठे मशीन बसवल्यावर काटा खाली जातो, हे मी नाकारत नाही. जातोच. पण त्या दिवशी कॉइल साफ केलेली असते, गॅस पुरता भरलेला असतो, कंडेन्सर कोरा असतो. श्रेय एचपीला मिळते. तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. आतली कॉइल जुनीच आणि बाहेर पाच एचपीचा कॉम्प्रेसर, असे असले की तो कॉइलला आणखी थंड करतो. खोलीपेक्षा सात अंशांनी थंड असलेली कॉइल दहा अंशांनी थंड होते. कॉइलचे तापमान एक अंश उतरले की तेवढ्याच कामाला दोन-तीन टक्के वीज जास्त लागते. आणि कॉइल जितकी थंड, तितकी ती हवेतली वाफ जोरात ओढते, बर्फ जास्त धरते, डीफ्रॉस्ट वाढवावा लागतो. शिवाय मंजूर भार वाढवावा लागतो तो वेगळाच. ‘उणे २४ ला लावून ठेवा, म्हणजे १८ तरी राहील’ हाही याच घराण्यातला सल्ला आणि त्याची बाधाही हीच. रोग्याला दुप्पट धावायला लावणे हा उपचार आहे का?

इचलकरंजी परिसरात तर मशीन बदलण्याआधी कंडेन्सर पाहिल्याशिवाय बोलूच नये. यंत्रमागांच्या सुताची धूळ त्याच्या पात्यांवर नमद्यासारखी बसते. गरम वारा निघायला वाट नाही, मग कॉम्प्रेसर थकलेला दिसतो. ब्रश, पाण्याची हलकी धार आणि अर्धा तास. कित्येक मशीनचे वय त्या अर्ध्या तासात पाच वर्षांनी कमी होते.

व्यवहाराच्या मुद्द्याला उत्तर सोपे आहे. रबर बदलायला, चौकटीची तार जोडायला, झडप मोकळी करायला, बाहेरून सांधे बुजवायला, कंडेन्सर धुवायला माल हलवावा लागत नाही. आतले जुने पंखे आणि दिवे बदलणेही तासाभराचे काम. आत जळणाऱ्या प्रत्येक वॅटचे पैसे आपण दोनदा देतो, एकदा तो जाळायला आणि एकदा त्याची उष्णता बाहेर काढायला. भिजलेली पॅनेल बदलायची ती दिवाळीनंतर, साठा कमी असताना, एकेक बाजू करून. पॅनेल पाण्याने भरले असेल तर ते बदलावेच लागते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तिथे माझे सिलिकॉनही कामाचे नाही.

गॅसचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. आर-२२ जाणार. झिजलेला कॉम्प्रेसरही कधी ना कधी बदलणार. प्रश्न क्रमाचा आहे. भिंत ओली आणि दार गळके असताना मशीन मोजले तर ते पाच एचपीचे निघेल आणि पुढची पंधरा वर्षे तुम्ही त्या ओलीचे वीजबिल भराल. आधी ओझे घटवा, मग मोजा. पुष्कळदा जुन्या तीन एचपीच्या जागी तीनच पुरते, कधी त्याहूनही लहान चालते. नव्या मशीनचा विरोधक मी नाही. ते शेवटी यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाचकहो, माझ्या शब्दावर विसंबू नका. ज्यांच्याकडे अशी खोली आहे आणि माल बंद पाकिटांतला आहे, त्यांनी नव्या मशीनचे कोटेशन मागवण्याआधी डीफ्रॉस्टच्या नळीखाली एक बादली ठेवावी आणि आठ दिवस रोजचे पाणी लिटरमध्ये लिहून ठेवावे. ते पाणी तुमच्या मालातून आलेले नाही आणि मशीनने तयार केलेले नाही. ते दारातून आणि सांध्यांतून आलेले आहे. वहीतला तो आकडा घेऊन मोठ्या मशीनच्या सल्लागाराला विचारा, तुमचे पाच एचपी यातले किती लिटर थांबवील?